भाव वाढला, पण नाव कुणाचं?



श्रावण लागला आहे. चाळीतला कांदा कुणी विकून मोकळं झालंय, कुणी भावाच्या आशेवर अजून ठेवलाय. राखीपौर्णिमा जवळ आली आहे आणि १५ ऑगस्टची ग्रामसभाही. दर महिन्याप्रमाणे सिन्नर तालुक्यातल्या आपल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही तालुक्याच्या चार गोष्टी घेऊन आलो आहोत. हातातलं काम चालू द्या. भाकरी थापता थापता ऐका, विड्या वळता वळता ऐका. घरात नवरा, दीर, भाऊ, मुलगा कुणी असेल तर त्यालाही हाक मारा. आजचं बोलणं त्याच्याही कामाचं आहे.

तालुक्यात सध्या कुठंही जा, विषय एकच. एसटीत बसा, दवाखान्यात नंबर लावून बसा, गिरणीवर दळण घेऊन उभ्या राहा. अमक्याची जमीन गेली, तमक्यानं प्लॉट घेतला, रस्त्याकडेच्या गुंठ्याला इतका भाव निघाला. हे का चाललंय ते आपल्याला दिसतंच आहे. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात तो सिन्नर आणि इगतपुरी या दोन तालुक्यांतून जातो. शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन रस्ता थेट मुंबईच्या बाजूला पोचला. गोंद्याजवळ चढायला-उतरायला जागा आहे. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती आधीपासून आहेत. नाशिक-पुणे रस्ता आपल्या दारातून जातो, नाशिक-पुणे रेल्वेची चर्चा अधूनमधून उठते, आणि नाशिकच्या कुंभमेळ्याच्या नावानं तर जिल्हाभर जागांच्या गप्पा चालू आहेत.

ही बातमी पारावरची, म्हणजे पुरुषांची, असं आपण धरून चालतो. आमचं म्हणणं आज उलटं आहे. जागेचा भाव वाढला की सगळ्यात आधी बाईच्या आयुष्यात काहीतरी हलतं. कधी तिला सहीसाठी बोलावणं येतं, कधी तिच्या चुलीची जागा बदलते, कधी तिच्या नावावर कर्ज येतं. भाव ठरवताना तिला कुणी विचारलेलं नसतं, पण सही करताना मात्र तिची आठवण होते. म्हणून जागेची बातमी आपण ऐकली पाहिजे, आणि भाव वाढण्याच्या आधी ऐकली पाहिजे.

एक साधी गोष्ट आधी समजून घेऊ. जागेला दोन भाव असतात. एक सरकारी, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. हा तक्ता वर्षाचा असतो आणि १ एप्रिलपासून लागू होतो. मुद्रांक शुल्क निदान या दरानं तरी भरावंच लागतं. दुसरा भाव बाजारातला, म्हणजे घेणारा आणि देणारा प्रत्यक्षात जो ठरवतात तो. दलाल जो भाव सांगतो तो यांपैकी एकही नसू शकतो. तो त्याचा तिसराच भाव असतो. तेव्हा ‘भाव इतका चढलाय’ असं कुणी सांगितलं की विचारायचं, ‘शेजारच्या गटातलं शेवटचं खरेदीखत कितीला झालं?’ आणि हेही ध्यानात ठेवायचं की राहत्या घराचा भाव वाढला म्हणून आपल्या डब्यात एक पैसा जास्त पडत नाही. विकलं तरच पैसा, आणि विकलं तर राहायचं कुठं?

आता तालुक्यातल्या तीन घडामोडी सांगतो.

पहिली घडामोड भाड्याच्या खोल्यांची. मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत कामाला आलेली मुलं आसपासच्या गावांत खोल्या शोधतात. त्यामुळे पुष्कळ घरांनी मागच्या अंगाला दोन-दोन खोल्या काढल्या. आमच्या एका गटातल्या ताईंनीही काढल्या. त्यासाठी गटातून कर्ज घेतलं, दर महिन्याला हप्ता वेळेवर भरला, एक दिवसही चुकल्या नाहीत. खोल्या झाडणं, पाण्याची टाकी भरणं, भाडेकरूच्या तक्रारी ऐकणं हे सगळं त्यांच्याकडे. पण जागा सासऱ्यांच्या नावावर आणि भाडं दिराच्या खात्यात. कर्ज तेवढं ताईंच्या नावावर. ही गोष्ट एका घराची म्हणून सांगितली, पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकींना ती आपलीच वाटेल. म्हणून आता आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत बांधकामासाठी कर्ज मागितलं की आम्ही एक प्रश्न विचारतो, ‘ज्या जागेवर बांधणार तिच्या कागदावर तुमचं नाव आहे का? नसेल तर ते लावण्याचं घरात बोलणं झालंय का?’ कर्ज नाकारण्यासाठी हा प्रश्न नाही. तो घरात जाऊन विचारला जावा म्हणून आहे.

खोली भाड्यानं देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. भाड्याचा करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. उद्या भाडेकरूनं खोली सोडली नाही तर हाच कागद कामाला येतो.

दुसरी घडामोड घरकुलांची. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि ते हप्त्यानं येतात. दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना राज्य सरकारनं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छपरावरच्या सौर संचासाठी. शौचालयाचे १२ हजार वेगळे. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की घरकुल बाईच्या नावानं किंवा नवरा-बायको दोघांच्या नावानं मंजूर करायचं असा या योजनेचा नियम आहे. विधुर, अविवाहित किंवा विभक्त पुरुषाची गोष्ट वेगळी. तेव्हा यादीत नाव आलं की ‘किती मिळणार’ याच्याबरोबर ‘कुणाच्या नावानं मिळणार’ हेही विचारा. आणि घर बांधून झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याच नावांची नोंद झाली की नाही ते डोळ्यांनी पाहा.

तिसरी घडामोड प्लॉटची. रस्त्याकडेनं फलक लागलेत, मोबाइलवर जाहिराती येतात. थोडे पैसे आज, बाकीचे हप्त्यानं. गटातल्या काही जणींनी मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरले आहेत, म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

प्लॉट घेताना पहिली गोष्ट म्हणजे पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद हे खरेदीखत नव्हे. जागेची मालकी बदलते ती दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झालेल्या खरेदीखतानं. नोटरीचा शिक्का लाल असो की निळा, त्यानं जागा आपली होत नाही. दुसरी गोष्ट, शेतजमिनीचा तुकडा कितीही लहान करून विकता येतो असं नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये आपल्याकडे जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं कमीत कमी क्षेत्र ठरवलं गेलं. गावाजवळच्या आणि शहराजवळच्या जागांचे नियम त्यानंतरही बदलत आले आहेत. दलाल म्हणेल, ‘कायदा आता उठला, काही काळजी नाही.’ आपण म्हणायचं, ‘बरं, मग नोंदणी करून द्या, सातबारावर माझ्या नावाचा फेरफार ओढून द्या, मग उरलेले पैसे घ्या.’ तिसरी गोष्ट, प्लॉट पाडून विकण्याचा मोठा प्रकल्प असेल, म्हणजे ५०० चौरस मीटरहून जास्त जागेवर असेल, तर त्याची महारेरामध्ये नोंद लागते. जाहिरातीत तो नंबर असतो. नंबर नसेल तर मंगळसूत्र गळ्यातच राहू द्या.

घेणाऱ्यांसाठी एक चांगली बातमीही आहे. राहतं घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावानं घेतला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. १ एप्रिल २०२१ पासून ती लागू आहे. समजा घर १२ लाखांचं असेल तर १२ हजार रुपये वाचतात. पूर्वी अशी अट होती की सवलत घेतलेलं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. मात्र ही सवलत मोकळ्या प्लॉटला नाही, शेतजमिनीला नाही, आणि खरेदीत पुरुषाचंही नाव असेल तर नाही. आता १२ हजारांसाठी का होईना, घरातले लोक बाईचं नाव लावायला तयार होतात. लावू द्या. पण नाव लागलं की त्या घरावरचं कर्ज, गहाणखत, विक्री या सगळ्याला तुमची सही लागणार. नाव आपलं असेल तर अक्कलही आपलीच चालवायची. कोरा कागद, अर्धा भरलेला फॉर्म, ‘बँकेत फक्त अंगठा दे’, या तिन्हीला नाही म्हणायचं.

एवढ्या बातम्या झाल्या. आता आपल्या कागदांकडे येऊ.

आषाढातल्या बैठकांत आम्ही गटागटांना एक काम दिलं होतं. पुढच्या बैठकीला येताना आपण राहतो त्या घराचा कागद घेऊन यायचा. सतरंजीवर काय काय आलं सांगू? कुणी लाइटबिल आणलं. कुणी घरपट्टीची पावती. एका आजींनी ट्रंकेतून फडक्यात बांधलेला सासऱ्याच्या वेळचा स्टॅम्पपेपर आणला, घडीवर फाटलेला. एकीनं ड्रोनच्या मोजणीनंतर मिळालेली सनद आणली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली. आणि बऱ्याच जणी रिकाम्या हातानं आल्या. म्हणाल्या, ‘कागद कुठं असतात ते ह्यांनाच ठाऊक.’ वीस वर्षं त्याच घरात सारवण केलं, पण घराचा कागद कधी पाहिला नव्हता.

मग आम्ही एकेक कागद हातात घेऊन समजून घेतला. लाइटबिलानं घर आपलं होत नाही, तिथं वीज येते एवढंच कळतं. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तिच्यात घराचा नंबर, लांबी-रुंदी आणि मालक-भोगवटादाराचं नाव असतं. आणि तलाठ्याकडचा ८ अ हा वेगळा कागद आहे, तो शेतजमिनीचा खातेउतारा. बोलताना आपण दोन्हीला ‘आठ अ’ म्हणतो, आणि तिथंच घोटाळा होतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी, हेही लक्षात ठेवा, नाहीतर पाटी वाचून परत याल. सातबारा शेताचा, गावठाणातल्या घराचा नव्हे.

मग गावठाणातल्या घराचा पक्का कागद कोणता? पिढ्यान्‌पिढ्या तो नव्हताच. गावठाणाचा नकाशा नसायचा, घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी, आणि हद्द म्हणजे आजोबांनी सांगितलेली. आपल्या राज्यात ड्रोननं गावठाण मोजण्याची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून झाली. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. या मोजणीनंतर भूमी अभिलेख खात्याकडून घराला मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. त्यावर जागेचं क्षेत्र आणि मालकाचं नाव असतं. घराच्या मालकीचा पुरावा म्हणून ती बँकेतही दाखवता येते.

पण ही पत्रिका कुणाच्या नावानं झाली? मोजणीची माणसं गावात आली तेव्हा बाहेर ओट्यावर कोण उभं होतं आणि आत चहा कोण ठेवत होतं, ते आठवा. ज्यांच्या गावात चौकशी व्हायची आहे त्यांनी त्या दिवशी चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवावा आणि ओट्यावर येऊन उभं राहावं. ज्यांची पत्रिका झाली आहे त्यांनी ती वाचावी. नाव चुकलं असेल, राहिलं असेल, तर सिन्नरला भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात कागद जोडून अर्ज देता येतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

नवरा-बायको दोघांचं नाव लावणं ही काही नवी टूम नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर दोघांच्या नावानं लावावं असा राज्य सरकारचा निर्णय २००३ सालचा आहे. ‘घर दोघांचे’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. शेतीच्या बाबतीत तर त्याच्याही आधीची गोष्ट आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. दूरदूरहून बायका आल्या होत्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावानं जमीन केली. १९९२ साली सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर सातबारावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येईल. म्हणजे आपल्या चुलत्यांनी, मामांनी जे तेव्हा केलं तेच आज करायचं आहे. त्यात घरातल्या पुरुषाचा कमीपणा नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तीच बोलण्यासाठी आज आलो.

भाव वाढला की बहिणींना फोन जातात. ‘आक्का, दोन दिवस ये. सही पाहिजे.’ वडिलांच्या पश्चात जमिनीला वारस लागतात, त्यात मुलगे, मुली, आई सगळ्यांची नावं येतात. जमीन विकायची म्हटली की त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणून आधी बहिणींचं हक्कसोडपत्र करून घेतात. जमीन जिरायत होती, दगडधोंडे होते, तोवर बहिणीचं नाव सातबारावर आहे की नाही याची कुणाला पडली नव्हती. रस्ता आला आणि नावाची आठवण झाली.

कायदा काय म्हणतो? ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि जन्मापासूनचा. त्या दिवशी वडील हयात असले काय, नसले काय, मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टातून झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींचे वारसाचे कायदे वेगळे आहेत, आणि आदिवासी बहिणींना हा कायदा थेट लागू होत नाही. त्यांनी आपापल्या बाबतीत सल्ला घ्यावा.

कायदा सांगायला दोन मिनिटं लागतात. पण हातात आरतीचं ताट आणि समोर भाऊ असतो तेव्हा तो कायदा तोंडातून निघत नाही. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. नवऱ्याशी बिनसलं तर रात्री बारा वाजता कुणाचं दार वाजवायचं, हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो. म्हणून ‘हक्क घे’ असं इथं बसून सांगणं सोपं आहे आणि खोटंही आहे.

आमच्या एका गटात या विषयावर बैठक तासाभरानं लांबली. एक ताई म्हणाल्या, ‘माझे भाऊ सही मागतायत. माझा हिस्सा मी का सोडू? आईच्या आजारपणात मीच उशाशी होते.’ सगळ्यांनी मान डोलावली. मग कोपऱ्यातून त्यांच्याच जावेनं विचारलं, ‘आणि आपल्या नणंदबाईंना पंचमीला बोलावलंय ते कशाला?’ बैठक गप्प झाली. कारण त्यांच्या सासरीही जमीन विकायची होती, आणि नणंदेची सही घ्यायचं ठरलं होतं. आपण प्रत्येकीच एका घरची बहीण असतो आणि दुसऱ्या घरची भावजय. माहेरी एक माप आणि सासरी दुसरं असं चालत नाही. त्या दिवशी कुणी कुणाला दोष दिला नाही. पण ताईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की नणंदबाईंना आधी व्यवहार किती रुपयांचा आहे ते सांगू, मग सहीचं बोलू. पुढे काय ठरेल ते अजून ठरायचं आहे. माहेरच्या कागदावरही त्यांनी सही केलेली नाही. राखीला जाणार आहेत, राखी बांधणार आहेत. भाऊ तोंडावर काही बोललेले नाहीत.

या बैठकीतून गटांनी काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हालाही सांगतो.

हक्कसोडपत्र ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी सही करायची नाही. त्याची प्रत घरी आणायची, कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायची. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडायचं तर दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि तिथं चपला झिजतात.

हक्क सोडलाच पाहिजे असं नाही, आणि फुकटच सोडला पाहिजे असंही नाही. हिश्श्याचे पैसे घेऊन सोडता येतो. थोडी जागा, एखादी खोली आपल्या नावानं ठेवून बाकीचा सोडता येतो. पैसे घ्यायचे ठरले तर ते आपल्या खात्यात बँकेतून आले पाहिजेत, आणि तो आकडा कागदात लिहिलेला पाहिजे. ‘पोरीच्या लग्नात बघू’ हा आकडा नव्हे.

जिला मनापासून हक्क सोडायचा आहे तिनं खुशाल सोडावा. पण जे सोडतोय त्याची किंमत माहीत असावी. न कळता दिलेल्याला दान म्हणत नाहीत.

आणि आपण भावजय असू तर नणंदेला सणाच्या दिवशी सहीला बसवायचं नाही. ओवाळणीची साडी आणि सही एका ताटात ठेवायची नाहीत.

आता एकट्या बहिणींसाठी दोन शब्द. नवरा गेल्यावर दिवसकार्य होतं, नातेवाईक पांगतात, आणि वारस नोंद तशीच राहते. ती लगेच करा. नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा प्रत्येकी सारखा हिस्सा असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन अर्ज द्या, शेताचा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे आणि घराचा ग्रामपंचायतीत. शेताच्या फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. तुमचं नाव वगळून फेरफार ओढला जात असेल तर त्या १५ दिवसांत लेखी हरकत द्यायची. सातबारा पाहायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. गटातल्या एखाद्या मुलीला मोबाइलवर काढायला शिकवा, म्हणजे सगळ्या गटाचं काम होईल.

वकील लावायला पैसे नाहीत म्हणून कुणी मागे हटू नये. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जा. नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करा.

शेवटी, १५ ऑगस्टच्या आत करायची कामं सांगतो. वही-पेन घ्या, नाहीतर पोरीला लिहून घ्यायला सांगा.

एक, घरातले कागद कुठल्या पेटीत, कुठल्या पिशवीत आहेत ते पाहा. घाबरत नको, भांडत नको. म्हणा, ‘रेडिओवर सांगितलंय, दाखवा.’

दोन, ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना ८ मागा. त्यावर एकच नाव असेल तर दुसरं लावण्याचा दोघांच्या सहीचा अर्ज द्या. गटातून चार-पाच जणी मिळून जा, एकटीला ‘उद्या या’ म्हणणं सोपं जातं.

तीन, ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा भरवायची असते. तिथं विषय मांडा, की आपल्या गावात किती घरं दोघांच्या नावावर आहेत ते वाचून दाखवा. ज्यांची नाहीत त्यांचे अर्ज घ्या. आणि झालेला ठराव दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जाईल असं पाहा. मागच्या रांगेत बसू नका, पुढे बसा.

चार, ज्या गटांकडे बांधकामाची कर्जं चालू आहेत त्यांनी या महिन्याच्या बैठकीत एकेका कर्जापुढे जागा कुणाच्या नावावर आहे ते लिहून काढा. ती यादी आम्हाला पाठवा. पुढच्या महिन्यात प्रभागसंघाच्या सभेत ती मांडू.

तालुक्याला रस्ता आला, कारखाने आले, अजून बरंच काही येईल. जमिनीचे भाव चढतील, कधी उतरतील. आपण ते थांबवू शकत नाही, आणि थांबवायचं कारणही नाही. मुलांना कामं मिळतायत, कुणाचं लग्न झालं, कुणाचं कर्ज फिटलं, हे चांगलंच आहे. एवढंच म्हणणं आहे की ज्या घरात आपण दिवा लावतो त्या घराच्या कागदावर आपलं नाव असावं, आणि ज्या कागदावर आपण सही करतो तो आपण आधी वाचलेला असावा.

पुढच्या महिन्यात गणपती आणि गौरींच्या गडबडीत सुद्धा भेटूच. तेव्हा सिन्नरला येऊन भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज कसा द्यायचा, बरोबर काय काय न्यायचं, हे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्या बहिणींच्या तोंडूनच ऐकू. तोवर राखीला माहेरी जाल तेव्हा भावाला राखी बांधा, वहिनीला मिठी मारा, आणि आईला हळूच विचारा, ‘आई, या घराच्या कागदावर तुझं नाव आहे का गं?’

नमस्कार.